प्रश्न तुमचे: गोब्र्याचा रंग कुठे गेला?

मे महिन्यात मंडळी मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्रात डोकं घालून येतात आणि पहिल्या पावसाबरोबर माझ्याकडे पत्रं यायला लागतात. यंदाची निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत: माशांचा रंग. मलाही सवड आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, रत्नागिरीतलं मिरकरवाड्याचं बंदर झोपलेलं, आणि घरात सुका जवळा नि सोडे यांवर दिवस ढकलणं चाललंय. तेव्हा या अंकात खेकड्यांचे आणि जेलीफिशचे प्रश्न बाजूला ठेवून रंगाचेच घेते.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना खडकावर बसलेला वीतभर तपकिरी मासा दिसला. मी जवळ गेलो तसे त्याच्या अंगावर फिकट पट्टे उमटले, आणि कपारीत शिरताना तो जवळजवळ पांढरट झाला होता. सगळं पाच-सहा सेकंदांत. बरोबरचा मुलगा म्हणाला, "गोब्रो आसा तो. तसोच करता." मासे सरड्यासारखे रंग बदलतात का? कसे? आणि कशासाठी?
— एक वाचक, ठाणे

गोब्राच असावा. मुंबईच्या बाजारात त्याला हेकरू म्हणतात. तुम्ही जवळ गेलात, तो घाबरला, आणि घाबरलेलं त्याच्या कातडीवर दिसलं. आपल्याही चेहऱ्याचा रंग उडतोच की. आपला उडतो तो रक्त ओसरल्यामुळे. गोब्र्याकडे मात्र त्यासाठी निराळी यंत्रणा आहे.

सरड्याचं नाव उगाच मोठं झालंय. त्यांच्यातला खरा रंगारी म्हणजे घोयरा, आणि तोही काही माशांपुढे संथच म्हणायचा.

यंत्रणा समजायला माझ्या प्रॅक्टिकलच्या वर्गात चला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग दरवर्षी करून घेत असे. त्यासाठी मासा मात्र तळ्यातला, तिलापिया, कारण समुद्रातला मासा साडेदहाच्या प्रॅक्टिकलपर्यंत जिवंत ठेवणं आमच्या प्रयोगशाळेच्या बादलीला कधी जमलं नाही. पाठीवरचं एक खवलं चिमट्याने काढायचं, सलाइनच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. खवल्यावरच्या पातळ कातडीत झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसतात. या रंगपेशी. आता अ‍ॅड्रेनॅलिनचा, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाचा, एक थेंब सोडायचा. दोन-तीन मिनिटांत फांद्या नाहीशा होतात आणि प्रत्येक पेशीच्या जागी मोहरीएवढा गोल ठिपका उरतो. "मॅडम, पेशी आकसली!" असं दरवर्षी कोणीतरी ओरडायचंच.

पेशी आकसत नाही. ती होती तेवढीच असते, फांद्याही जागच्या जागी. हलतात ते आतले मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे कण. अंगणात बुक्क्याची चिमूट एका जागी ठेवली तर माडीवरून दिसणार नाही. तीच हाताने फासली तर फरशी काळी दिसेल. बुक्का तेवढाच. कण फांद्यांमध्ये पसरले की मासा गडद, मध्यावर गोळा झाले की फिका. या हलवाहलवीसाठी पेशीत सूक्ष्म नलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून कण ओढणारी प्रथिनं असतात. कायनेसिन बाहेर नेतं, डायनीन आत आणतं. आपल्या पेशींमध्येही हेच हमाल आहेत, पण त्यांनी वाहिलेला माल असा बाहेरून दिसत नाही.

काळ्याबरोबर पिवळ्या आणि लाल पेशीही असतात. त्याखाली किंवा त्यांच्यात मिसळून चकाकणाऱ्या पेशी, ज्यांत रंग नसतोच. ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात, आणि साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात तसे त्यांवरून उजेड परतताना दिसतात. माशाचा निळा बहुतेकदा असाच, थरांच्या अंतरातून आलेला. अंतर बदललं की रंग बदलतो. आपली बाजारातली राणी ज्या कुळातली, त्याच कुळातला पॅरडाइज व्हिपटेल नावाचा एक मासा आहे. त्याच्या अंगावरचे चमकते पट्टे क्षणार्धात निळ्याचे लाल होतात. खरंखुरं निळं रंगद्रव्य असलेला मासा इतका दुर्मिळ, की मँडरिनफिशमध्ये ते सापडलं तेव्हा त्या पेशींना वेगळं नाव द्यावं लागलं.

हुकूम कोण देतं? घाईचं काम असेल तर मज्जातंतू. ते थेट रंगपेशींपर्यंत पोचलेले असतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटलं की कण गोळा होतात. तुमच्या गोब्र्याचं पाच-सहा सेकंदांत झालं ते या वाटेने. सावकाश काम असेल तर रक्तातून संप्रेरकं येतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एक गडद करणारं येतं, एक फिकं करणारं. फिकं करणारं संप्रेरक १९८३ मध्ये जपानी संशोधकांनी सामन माशाच्या पियुषिकेतून वेगळं काढलं. पुढे तेच सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडलं, आणि तिथे त्याचा संबंध निघाला भुकेशी. निसर्ग जुनी भांडी फेकत नाही, दुसऱ्या कामाला लावतो. हे वाक्य मी परीक्षेत कोणी लिहिलं तर अर्धा मार्क जास्त द्यायचे.

आणि तिसरी, सर्वांत संथ तऱ्हा. मासा आठवडेच्या आठवडे काळ्या तळावर राहिला तर त्याच्या काळ्या पेशींची संख्याच वाढते, पांढऱ्यावर राहिला तर घटते. बुक्का फासण्याऐवजी जास्तीचा बुक्का विकत आणण्यासारखं.

पण तळ काळा आहे हे त्याला कळतं कसं? डोळ्यांनी, आणि तेही हुशारीने. वरून येणारा उजेड त्याच्या दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर पडतो, तळावरून परतलेला वरच्या भागावर. दोन्हींची तुलना होते. वरून भरपूर आणि खालून थोडा, म्हणजे तळ काळा. त्यामुळेच लख्ख उन्हातही काळ्या खडकावरचा मासा काळाच राहतो, उजेडाला फसत नाही.

या कलेत सर्वांवर मात करतात चपटे मासे. आपल्या लेपीचे भाऊबंद. १९११ मध्ये फ्रान्सिस समनर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतल्या नेपल्सच्या संशोधन केंद्रात जिवंत चपटे मासे आणून टाकीच्या तळाशी वाळू, खडे, पट्टे, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असं काय काय मांडलं आणि फोटो काढले. खड्यांवर मासा खडबडीत ठिपक्यांचा व्हायचा, बारीक वाळूवर बारीक कणांचा. चौकोनांवर चौकोन मात्र उमटले नाहीत. ते उमटतील असं वाटणाऱ्यांनी माशाला छायाचित्रकार समजलं होतं. माशाकडे मोजके ठरलेले नमुने असतात आणि तो त्यांचं मिश्रण कमीजास्त करतो. १९९६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या एका चपट्या माशावर हेच पुन्हा तपासलं, आणि त्याला जुळवून घ्यायला दोन ते आठ सेकंद लागतात असं दाखवलं. हे तेच रामचंद्रन, ज्यांनी कापलेला हात दुखतो अशा रुग्णांना आरशाची पेटी दिली.

आम्हीही आमच्या परीने केलं होतं. ओहोटीला खडकातल्या डबक्यांत बोटाएवढे गोबी जातीचे मासे अडकलेले असतात. आइस्क्रीमचे दोन डबे घ्यायचे, एक पांढरा, एक आतून काळा, आणि हातात घड्याळ. पांढऱ्या डब्यात टाकलेला मासा मिनिटाभरातच फिका पडायला लागतो. डबे बदलले की उलट. एका वर्षी दोन मुलांनी काळा डबा आदल्या रात्री ऑइलपेंटने रंगवून आणला. पेंट पुरता वाळलेला नव्हता. चार मासे दहा मिनिटांत उलटे झाले. मुलं रडवेली, आणि मी त्यांना आधी विचारलं नव्हतं म्हणून मीही. त्या मेलेल्या माशांचा रंग नंतर काय झाला ते पुढे एका उत्तरात येईल. प्रयोग घरी करणार असाल तर डब्याबाहेरून काळा कागद गुंडाळा, सावलीत करा, आणि पाच मिनिटांत मासे त्याच डबक्यात सोडा.

आता कशासाठी. लपणं हे उत्तर तुम्हाला माहीतच आहे, पण लपल्याने खरंच जीव वाचतो का हे कोणीतरी मोजायला हवं होतं. तेही समनरनेच केलं, १९३०च्या दशकात सॅन डिएगोला. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे पालिकावाले विहिरीत सोडतात तो गंबुसिया मासा त्याने काळ्या आणि पांढऱ्या टाक्यांत आठवडेच्या आठवडे ठेवला, मग दोन्ही रंगांचे मासे एकत्र एका टाकीत सोडले आणि वर पेंग्विन सोडला. टाकीच्या रंगाशी न जुळणारे मासे जास्त खाल्ले गेले. पेंग्विनच का, तर प्राणिसंग्रहालयात हाताशी होता.

लपणारा नेहमी बिचाराच असतो असंही नाही. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात, सेतुकराईच्या किनाऱ्यालगत, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांना समुद्रगवतात मेलेल्या पोवळ्याचा पांढरट तुकडा दिसला. त्याला डिवचल्यावर तो काही सेकंदांत काळा पडला आणि पिवळे पंख उघडले. तो बँडटेल विंचूमासा होता, पाठीवर विषारी काटे असलेला. २०२० मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. तो असा निपचित पडून भक्ष्य तोंडाशी येण्याची वाट पाहतो. पाण्यात दिसेल त्या दगडाला हात लावायची सवय असेल तर आवरा.

याहून पक्का ठक ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर आहे. डॉटीबॅक नावाचा छोटा मासा पिवळा असतो किंवा तपकिरी. तिथे डॅमसेलफिशही पिवळे आणि तपकिरी आहेत. संशोधकांनी पिवळे डॉटीबॅक तपकिरी डॅमसेलच्या वस्तीत सोडले, तर साधारण दोन आठवड्यांत ते तपकिरी झाले. हेतू? डॅमसेलची पिल्लं खाणं. वस्तीतल्यासारखाच दिसणारा शेजारी, म्हणून पिल्लं सावध होत नाहीत. २०१५चं हे काम आहे. गोमुखी व्याघ्र म्हणतात तो हा, फक्त खवल्यांचा.

मग बोलणं. कॅरिबियन समुद्रात गोब्र्याचा एक नातलग, नॅसो ग्रूपर, हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालायला मोठ्या संख्येने एका जागी जमतो. एरवी पट्ट्यापट्ट्यांचे असणारे हे मासे तेव्हा काही वरून काळे-खालून पांढरे, काही पांढऱ्या पोटाचे, काही पूर्ण काळे होतात. एकलकोंडे, एरवी एकमेकांवर धावून जाणारे मासे तेव्हा गर्दीत दाटीवाटीने राहतात, कारण दुरंगी होणं म्हणजे "मी भांडायला आलेलो नाही". तिथलेच ब्लूहेड मासे आणखी पुढे जातात. कळपातला निळ्या डोक्याचा नर गेला तर सर्वांत मोठी पिवळी मादी नराची जागा घेते, वागणं आधी बदलतं, मग काही दिवसांत रंग, आणि ती खरोखरच नर होते. गोब्र्यांच्या बऱ्याच जातींतही मादीचा नर होतो, पण असा झगमगाट न करता.

तुमचा गोब्रा मात्र यांतलं काही करत नव्हता. तो घाबरला होता. पुढच्या वेळी चार हात लांब थांबून पाहा, पट्टे परत पुसले जाताना दिसतील.

बाजारात तांबोशी घ्यायला गेले तर एका टोपलीतली लालभडक, दुसरीतली फिकट गुलाबी. कोळीण म्हणते दोन्ही ताज्या. रंग लावतात का? आणि बांगड्यावरच्या हिरव्या-निळ्या रेषा घरी येईपर्यंत पुसट का होतात?
— एक वाचक, डोंबिवली

आधी वरची गोष्ट पुरी करते. ते चार मासे मेल्यावर फिके व्हायला हवे होते की काळे? मी मुलांना ऐटीत सांगितलं होतं, मज्जातंतू बंद पडले की कण पसरणार, मासे काळे होणार. दोन काळे झाले, एक ठिगळाठिगळांचा झाला, आणि एक आधी फिका होऊन मग काळपट. मासा मेला तरी प्रत्येक रंगपेशी काही काळ जिवंत असते, आणि वरून हुकूम यायचे थांबल्यावर ज्याच्या त्याच्या मर्जीने वागते. ऑफिसात साहेब नसले की होतं तसं.

मरणाच्या या रंगांचा रोमन श्रीमंतांना नाद होता. रोमन तत्त्ववेत्त्या सेनेकाने लिहून ठेवलंय की त्याच्या काळात जेवणाच्या वेळी लाल मुलेट मासा काचेच्या भांड्यात मरताना पाहत, तांबड्याचा फिका, मग निळसर असा बदलणारा रंग बघण्यासाठी. त्याला त्याची किळस आली होती. मलाही येते, पण बर्फाच्या पेटीवर वाकून बांगड्याचा रंग बघणारी मी त्या पाहुण्यांपासून किती लांब आहे, हा प्रश्न आहेच.

तांबोशीचा लाल रंग कॅरोटीनसारख्या द्रव्यांचा असतो. गाजरात असतात त्या कुटुंबातला. मासा तो स्वतः बनवू शकत नाही, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं खाऊन मिळवतो. म्हणजे काय खाल्लं यावर रंग ठरतो, आणि जागेवरही. जपानमध्ये लग्नामुंजीसारख्या मंगलकार्याला लाल ब्रीम मासा लागतो. तिथे पिंजऱ्यात पाळलेले ब्रीम उथळ पाण्यात उन्हाने काळवंडतात आणि कोणी घेईना. त्यावर उपाय म्हणून पिंजऱ्यांवर काळी जाळी टाकून सावली करतात आणि खाद्यात क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा अस्टाझॅन्थिन हे लाल द्रव्य घालतात. तेव्हा फिकट तांबोशी शिळीच असेल असं नाही. शिवाय पकडल्यावर हा रंग हवा आणि उजेड लागून उतरतो. टोपलीत वर ठेवलेली फिकी आणि बर्फात खाली दाबलेली लाल, दोन्ही एकाच जाळ्यातल्या असू शकतात.

रंग लावल्याची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कापसाने घासून पाहा; तांबोशीचा स्वतःचा रंग कापसाला लागत नाही. बाकी निवाडा कल्ल्यावर आणि डोळ्यावर. आमची मासेवाली मावशी, जिने माझ्या सासूबाईंनाही मासे विकले, ती माझ्या शास्त्राला फार किंमत देत नाही. "ताई, जीव गेला की रंग जातोच. कल्ला बघा, वास बघा, बोट दाबून बघा. रंग काय बघता, साडी घ्यायचीय का?"

बांगड्याच्या रेषांचं तसंच. हिरवा-निळा रंग म्हणजे स्फटिकांच्या थरांचा खेळ, खाली काळ्या पेशींची बैठक. हाताळणी, बर्फाचं पाणी, कातडी सुकणं, यांनी थरांची रचना ढासळते आणि रेषा मंदावतात. वाकटी हातात घेतल्यावर बोटांना चांदी लागते ना, तीही ग्वानिनचीच. युरोपात माशांच्या खवल्यांवरून असली चांदी खरवडून खोट्या मोत्यांना मुलामा देत. पुढे नेलपॉलिशमध्येही ती गेली. आणि हे ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएतल्या चार अक्षरांपैकी एक. वाकटी धुतलेलं पाणी मोरीत ओतताना मी दरवेळी एकदा थबकते, मग ओततेच.

डोंबिवलीच्याच आणखी एका वाचकाने विचारलंय, राणी आणि तांबोशी इतक्या लाल असून शत्रूला दिसत नाहीत का. पाणी लाल उजेड सर्वांत आधी शोषतं. दहा-पंधरा मीटर खाली लाल उरतच नाही, तिथे लाल मासा करडा दिसतो, आणखी खाली काळा. पाणबुड्याचं बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. राणीचा लाल रंग आपल्या टोपलीत येईपर्यंत तिच्या ओळखीच्या कोणी पाहिलेलाच नसतो.

इथे न्यू जर्सीत आमच्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे. पहाटे दिवे लागण्याआधी ब्लू टँग फिका, जांभळट-पांढरा दिसला. घाबरले. दिवे लागल्यावर वीस मिनिटांत पुन्हा निळा. आजारी आहे का?
— एक वाचिका

नाही, झोपेत होता. बऱ्याच माशांचे रात्रीचे कपडे वेगळे असतात. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्याने काळे कण गोळा होतात, आणि निळ्यामागची काळी पार्श्वभूमी गेली की निळाही विरतो. पोवळ्यांवरचे फ्युझिलिअर मासे दिवसा निळे आणि रात्री पोटाकडून लाल होतात. दिवसाही तो फिका राहू लागला, कोपरा धरून बसला, तर मात्र पाण्यातला अमोनिया तपासा आणि टँकमधलं कोणी त्याला छळतंय का ते पाहा. आणि दिवे एकदम लावू नका, आधी खोलीतला लावा.

तुम्ही टँकमध्ये एम्परर एंजलफिशचं पिल्लू घेण्याच्या विचारात आहात असंही लिहिलंय. लक्षात ठेवा, आज घेतलेलं निळं-पांढरं गोल-गोल वळशांचं पिल्लू मोठेपणी पिवळ्या आडव्या पट्ट्यांचं होतं. मी लहानपणी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात दोन्ही पाहिले तेव्हा ते एकच, हे वडिलांनी सांगूनही मला पटलं नाही. लाज वाटायचं कारण नाही: जुन्या निसर्गशास्त्रज्ञांनीही या पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारच्या नावाने वेगळं नाव दिलं होतं. मोठा नर आपल्यासारख्या पट्ट्यांच्या माशाला हद्दीत टिकू देत नाही. पिल्लाचा वेगळा वेश हा हद्दीत राहण्याचा परवाना असावा असं मानतात. टँक मात्र मोठाच लागेल, मासा फूटभराचा होतो.

म्हाकुळही रंग बदलतात. तेही असंच का?
— एक वाचक, अलिबाग

नाही. माशाची रंगपेशी म्हणजे एकच पेशी, आत कण हलतात. म्हाकुळाकडे रंगाची लवचीक पिशवी असते आणि तिला चहूबाजूंनी बारीक स्नायू ओढतात. स्नायू आखडले की पिशवी ओढली जाऊन पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की टिंब. स्नायूचं काम म्हणून म्हाकूळ माशापेक्षाही झटपट. ताजं म्हाकूळ साफ करताना कातडीवर ठिपके लुकलुकतात ते याचमुळे. घरच्या मुलांना बोलावून दाखवा, मग कापा.

माशाला माहीत असतं का, तो आत्ता कुठल्या रंगाचा आहे ते?
— इयत्ता सहावी, कणकवली

पत्रावर तू नाव लिहिलं नाहीस, पण या महिन्यातला सर्वांत अवघड प्रश्न तुझा आहे.

मी वर लिहिलंय की मासा डोळ्यांनी तळ पाहतो आणि रंग जुळवतो. मी वर्षानुवर्षं एवढंच शिकवलं. पण तुझ्या प्रश्नावरून पुढचा प्रश्न पडतो, तळ दिसला तरी स्वतःची पाठ दिसते का? आपण केस विंचरताना आरशात बघतो. माशाची मान वळत नाही आणि आरसाही नाही. मग जुळलं की नाही हे कळणार कसं?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात हॉगफिश नावाचा मासा आहे. तो पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा आणि तांबूस-तपकिरी असा झटकन बदलतो. लोरी श्वायकर्ट या शास्त्रज्ञ बाई तिथे मासेमारीला गेल्या होत्या. त्यांनी एक हॉगफिश पकडून बोटीवर ठेवला. थोड्या वेळाने पाहतात तर मेलेल्या माशाची कातडी बोटीच्या फळीसारखी दिसत होती. मेलेला मासा डोळ्यांनी काय बघणार? त्यांना प्रश्न पडला, तुझ्यासारखाच.

त्यांनी कातडी तपासली तेव्हा तिच्यात उजेड ओळखणारं प्रथिन सापडलं. असली प्रथिनं आपल्या डोळ्यात असतात. माशाच्या कातडीत ती असतात हे माहीत होतं, पण ती नेमकी कुठे आहेत हे त्यांनी २०२३ मध्ये दाखवलं: रंगपेशींच्या खाली. म्हणजे बाहेरचा उजेड आधी रंगपेशीतून गाळून येतो आणि मग त्या प्रथिनावर पडतो. कण पसरलेले असतील तर उजेड कमी पोचेल, गोळा झाले असतील तर जास्त. रंगीत काचेच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला बाहेर न जाताही काच कुठल्या रंगाची आहे ते कळतं ना, तसं.

त्यांचं म्हणणं असं, की हॉगफिशची कातडी बाहेरचं जग बघण्यासाठी तेवढी नाही, जेवढी स्वतःचा रंग आतून तपासण्यासाठी आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, निदान या एका माशापुरतं: त्याच्या कातडीला माहीत असतं. ते त्याच्या मेंदूपर्यंत पोचतं का, आणि पोचलं तर त्याला "माहीत आहे" म्हणायचं का, हा आणखी एक प्रश्न झाला, आणि तो मी तुझ्यासाठीच ठेवते. ऑगस्टमध्ये जाळी पुन्हा पाण्यात पडतील तेव्हा बाबांबरोबर बंदरावर जा, आणि पेटीतल्या खालच्या माशाच्या अंगावर वरच्या माशाचा ठसा उमटलाय का ते पाहून मला लिही. या वेळी नावासकट.